शेवटचा चार

"सर, यातला शेवटचा चार कुठून आला?" डॉक्टरांनी माझ्या चिठ्ठीवर बोट ठेवून हा प्रश्न विचारला, तेव्हा आम्ही त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत चहा घेत होतो. चिठ्ठी मीच लिहिलेली होती, प्रयोगवहीच्या चौकटीच्या कागदावर आणि शाईच्या पेनाने. तिच्यावर एवढेच होते: डायल १, प्रत्यक्ष १.५४ टक्के. लिहिताना मला या आकड्याचा थोडा अभिमानही वाटला होता, कारण त्यामागे तीन आठवड्यांची धावपळ होती. डॉक्टरांनी दीडपटीबद्दल काहीच विचारले नाही, ती त्यांना आधीपासूनच ठाऊक असावी. त्यांनी विचारले ते शेवटच्या चाराबद्दल. मी म्हणालो, "भागाकार केला की येतो." ते "बरं" म्हणाले आणि चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. विषय तिथेच संपला, पण माझ्या मनातून तो आजही गेलेला नाही.

ही गोष्ट १९९१ च्या उन्हाळ्यातली आहे. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि डॉक्टर त्या गावातले एकमेव भूलतज्ज्ञ होते. गावातली चार-पाच लहान रुग्णालये त्यांना आळीपाळीने बोलावत, आणि आपला व्हेपोरायझर ते लहान मुलासारखा मांडीवर घेऊन रिक्षाने फिरत. हॅलोथेन या भुलीच्या औषधाचा जमाना होता. तपकिरी बाटलीतले ते जड, गोडसर वासाचे द्रव व्हेपोरायझरमध्ये ओतायचे, त्यातून ऑक्सिजनचा काही भाग जाऊ द्यायचा, आणि डायल फिरवून किती टक्के वाफ मिसळावी ते ठरवायचे, एवढीच त्या यंत्राची रचना. हॅलोथेन टिकावे म्हणून त्यात ०.०१ टक्के थायमॉल घातलेले असते. हॅलोथेन उडून जाते, पण थायमॉल उडत नाही. ते वर्षानुवर्षे आत साचत राहते, चिकट पिवळा थर होतो आणि डायल अडकत अडकत फिरू लागते. थायमॉल म्हणजे ओव्याचे सत्त्व. डॉक्टरांनी ते यंत्र पहिल्यांदा माझ्यासमोर उघडले, तेव्हा मला आजीच्या घरातली बाळंतिणीची खोली आठवली होती, शेगडीवर टाकलेल्या ओव्याच्या धुरीसकट. योगायोग असा की डॉक्टरांची शंकाही बाळंतिणींवरूनच आलेली होती. सिझरच्या लागोपाठ दोन केसेसमध्ये बाई उशिरा शुद्धीवर आली होती आणि रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त झाला होता. हॅलोथेन जास्त झाले की गर्भाशय सैल पडते, आवळत नाही, आणि रक्त थांबायला वेळ लागतो. डायल अर्ध्या टक्क्यावर असताना असे व्हायला नको होते. "डायल खोटं बोलतंय," ते म्हणाले. "किती खोटं बोलतंय ते तुम्ही सांगा."

सांगणे सोपे नव्हते. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत अवरक्त किरणांवर चालणारे विश्लेषक होते, आणि विद्यापीठात गॅस क्रोमॅटोग्राफ होता, पण तिथे नंबर लागेपर्यंत नमुना टिकला नसता. आमच्या प्रयोगशाळेत होते ते एवढेच: कोपऱ्यातल्या खोलीत दगडी कट्ट्यावर ठेवलेला दोन पारड्यांचा तराजू, मखमली खणांची वजनांची पेटी, दोन बरे थर्मामीटर, आणि पूर्वी कोणी तरी मागवलेले तोटीचे काचेचे फुगे. बॅरोमीटर भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात होता. त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे, ते सुटीवर गावी गेले होते. तेव्हा त्याचे मला फारसे काही वाटले नाही.

मात्र हॅलोथेनच्या बाबतीत तराजू अगदीच निरुपयोगी नाही. ऑक्सिजनचा रेणुभार ३२ आहे आणि हॅलोथेनचा १९७.४, म्हणजे सहापटींहून जास्त. शंभर भाग ऑक्सिजनमधला एक भाग काढून त्याजागी हॅलोथेन घातले, तर वायू चांगलाच जड होतो. अर्ध्या लिटरच्या फुग्यात हा फरक तीस-पस्तीस मिलिग्रॅम पडतो आणि आमचा तराजू एका मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवू शकत होता. कागदावर हे इतके सरळ होते की मला पहिल्या दिवशी झोप लागली नाही.

पहिला नमुना डॉक्टरांनी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये पाठवला. वायू न्यायचा तर ब्लॅडरमधून, हे आम्ही शाळेपासून शिकलेलो, त्यामुळे तो सल्लाही माझाच होता. ज्या रुग्णालयात त्या दिवशी भूल द्यायची होती ते शेजारच्या गावी होते. कंपाउंडर ब्लॅडर पोटाशी धरून एसटीने दीड तास प्रवास करून आला आणि मी तो वायू फुग्यात घेऊन तोलला. उत्तर आले ०.४ टक्के. डायल एकवर आणि प्रत्यक्षात ०.४. मी आनंदाने डॉक्टरांना निरोप पाठवला की तुमचा व्हेपोरायझर कमी देतो आहे, काळजी करू नका. संध्याकाळी ते स्वतः आले, स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "मग सर, माझे पेशंट उठत का नाहीत?"

तराजू एक सांगत होता आणि पेशंट दुसरेच सांगत होते, आणि मी तराजूवर विश्वास ठेवला होता.

चार दिवसांनी कपाटात ठेवलेला तो रिकामा ब्लॅडर सहज हाताळला, तेव्हा माझ्या बोटांना हॅलोथेनचा गोड वास लागला. रबराला हॅलोथेनचे भलते आकर्षण असते. वायूच्या एका घनफळात जितके हॅलोथेन असेल, त्याच्या सुमारे १२० पट ते तेवढ्याच घनफळाच्या रबरात मुरलेले राहू शकते. एसटीच्या त्या दीड तासात ब्लॅडरने माझा नमुना पिऊन टाकला होता. भुलीच्या यंत्राच्या काळ्या रबरी नळ्याही हेच करतात. सुरुवातीला पेशंटच्या वाट्याचे औषध पितात आणि डायल बंद केल्यावर ते हळूहळू परत सोडतात, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होते. मला ते रसायनशास्त्राचा माणूस असूनही सुचले नव्हते.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेलो. ५१२ मिलिलिटरचे दोन फुगे कापसात गुंडाळून पिशवीत घेतले. रात्रीच्या वेळी, पेशंट नसताना, रिकाम्या शस्त्रक्रियागृहात आम्ही यंत्र सुरू केले. मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन, डायल एकवर, यंत्रापासून फुग्यापर्यंत जास्तीत जास्त काचेची नळी आणि सांध्यापुरता दोन बोटे लांबीचा प्लॅस्टिकचा तुकडा, आणि फुग्याच्या दुसऱ्या तोंडातून निघणारा वायू खिडकीबाहेर. पाच मिनिटे वाहू दिल्यावर आधी आतली आणि मग बाहेरची तोटी बंद केली. एका फुग्यात नुसता ऑक्सिजन, एकात मिश्रण. खोलीतल्या थर्मामीटरवर २७ अंश होते आणि तो आकडा मी वहीत लिहिला.

तोलणे हा यातला सर्वांत हळुवार भाग होता आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. फुगा हवेत तरंगू पाहतो. हवेचा हा वर उचलणारा जोर दिवसभर बदलत राहतो आणि त्यापुढे तीस मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही. म्हणून समोरच्या पारड्याकडे वजनांऐवजी तशाच आकाराचा दुसरा बंद फुगा टांगायचा, म्हणजे दोघांवरचाही हा जोर सारखाच कमी-जास्त होतो आणि हिशेबातून निघून जातो. एकोणिसाव्या शतकातल्या रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही युक्ती. फुगा ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने, आणि नंतर अर्धा तास हात लावायचा नाही. उघड्या बोटांचा एक ठसाही काट्याला कळतो. पंखा बंद. मे महिना. खिडक्या लावलेल्या, आणि घामाचा थेंब कट्ट्यावर पडू नये म्हणून खांद्यावर पंचा. काटा डावीकडे सात, उजवीकडे पाच, डावीकडे साडेसहा असा झुलत राहतो, आणि झोके मोजून त्यांचा मध्य काढायचा असतो. मी ते पाच वेळा केले. फरक आला ५३.० मिलिग्रॅम. हवेचा दाब नेहमीप्रमाणे पाऱ्याचे ७६० मिलिमीटर धरला, तर एका टक्क्याला ३४.४ मिलिग्रॅम पडत होते. भागाकार केला आणि कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर १.५४०६९ असा काहीसा आकडा उमटला. त्यातले दोन दशांश मी ठेवले, बाकीचे सोडून दिले, आणि आपण फार संयम दाखवला असे मला वाटले.

तराजूवर भुलीची वाफ तोलणारा मी पहिला नव्हतो, हे मला नंतर समजले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी हेच क्लोरोफॉर्मसाठी केले होते. मीठ-पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या आपल्या जिमी कुत्र्याच्या हृदयाची विद्युत् नोंद लोकांना दाखवणारे ते हेच वॉलर. त्यांच्या क्लोरोफॉर्म-तराजूत काचेचा एक बंद फुगा दांडीला टांगलेला असे आणि भोवतालच्या पेटीतून क्लोरोफॉर्म मिसळलेली हवा वाहत असे. हवा जितकी जड, तितका फुगा वर उचलला जाई आणि काटा थेट टक्के दाखवी. मी फुग्याच्या आतला वायू तोलला, त्यांनी फुग्याच्या बाहेरचा. त्यांची रीत माझ्यापेक्षा कितीतरी हुशारीची आहे हे मान्य करायला मला आजही थोडे जड जाते. त्याच काळात ऑक्सफर्डच्या व्हर्नन हार्कोर्ट या रसायनशास्त्रज्ञाने दोन टक्क्यांपेक्षा जास्त क्लोरोफॉर्म देऊच न शकणारे उपकरण बनवले. त्याच्या बाटलीत दोन रंगीत काचेचे मणी असत. क्लोरोफॉर्म गार झाले की त्याची घनता वाढते आणि मणी तरंगतात, तापले की बुडतात. म्हणजे थर्मामीटर न वाचताही भूल देणाऱ्याला नजरेच्या कोपऱ्यातून तापमान कळायचे. त्या मण्यांचे मला मोठे कौतुक वाटते. आकडा न सांगता नेमके हवे तेवढेच सांगणारे उपकरण मी दुसरे पाहिलेले नाही.

तापमानाचे महत्त्व तर त्याही आधी, १८४७ मध्येच, जॉन स्नो यांनी ईथरच्या बाबतीत ओळखले होते. कोणत्या तापमानाला हवेत किती ईथर मावते याचे कोष्टक त्यांनी ईथरची भूल सुरू झाल्यावर वर्षभरातच तयार केले. पुढे पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपामुळे गाजले ते हेच स्नो. विलायतेच्या थंडीत हे कोष्टक जितके गरजेचे होते, त्याहून आमच्याकडे अधिक. हॅलोथेन २० अंशांना हवेत ३२ टक्के मावते. ३५ अंशांना हा आकडा ५८ च्या आसपास जातो आणि ५०.२ अंशांना ते चक्क उकळते. यंत्रात तापमान सांभाळणारी धातूची पट्टी असते, पण थायमॉलच्या चिकट थरात रुतलेली पट्टी काय सांभाळणार?

आणि आमच्या भागाला या विषयात अगदीच परके राहता येत नाही. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्याच्या खर्चाने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म कमिशन बसले. एडवर्ड लॉरी हे तिथले सर्जन. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर, तेव्हा नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष ठेवा, हा त्यांचा आग्रह होता आणि शेकडो जनावरांवर प्रयोग करून कमिशनने तोच निष्कर्ष काढला. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की भूल हलकी असतानाही क्लोरोफॉर्मने हृदय अचानक फडफडून थांबू शकते. हैदराबादेतली भूल कापडाच्या शंकूवर थेंब टाकून दिली जायची. शंकूखालच्या हवेत किती टक्के क्लोरोफॉर्म आहे हे भूल देणाऱ्याला कळण्याचा मार्गच नव्हता. तरीही श्वासाकडे पाहा हा सल्ला भूल देणाऱ्या माणसाला पुढेही उपयोगीच पडला. मला हे कोडे वाटते की अपुऱ्या मापावरून काढलेला निष्कर्ष चुकला, आणि त्यातूनच निघालेली सवय मात्र बरीचशी योग्य निघाली.

डॉक्टरांचा हात तीच सवय पाळत असे. दुसऱ्या एका दिवशी मी त्यांना काम करताना दारातून पाहिले. डाव्या हातात काळी रबरी पिशवी, उजव्या हाताची दोन बोटे पेशंटच्या गालावर, आणि नजर कुठेच नाही, निदान डायलवर तर अजिबात नाही. पिशवी किती भरते, किती जोरात भरते, मधे थबकते का, हे त्यांना तळहाताला समजत होते. अधूनमधून ते मुखवट्याच्या कडेला नाक नेऊन वास घेत. शस्त्रक्रियागृहातला वापरलेला वायू बाहेर नेण्याची सोय नव्हती. दिवसभराच्या केसेसनंतर संध्याकाळी त्यांचे डोके दुखायचे आणि ते त्याला उन्हाचा दोष द्यायचे. काम करणाऱ्यांच्या हवेत हॅलोथेनसारखे वायू दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त नसावेत, अशी शिफारस अमेरिकेत १९७७ मध्येच झालेली होती. एका टक्क्याच्या पाच हजारांशाइतके ते प्रमाण. माझ्या तराजूच्या भाषेत ०.००७ मिलिग्रॅम. तेवढ्यासाठी तो पूर्ण आंधळा होता.

पण आंधळ्या तराजूला गावात एक डोळस सोबती मिळाला. डॉक्टरांना व्हेपोरायझर गळत असल्याचीही शंका होती, कारण यंत्र बंद असतानाही खोलीला वास येई. बसस्थानकासमोरच्या फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे गळती शोधायचा दिवा होता. लहान गॅसच्या टाकीवर बसवलेला बर्नर, आत तापलेली तांब्याची चकती, आणि बाजूने हवा ओढणारी रबरी नळी. नळीचे तोंड गळतीजवळ गेले की क्लोरीन असलेला वायू तापलेल्या तांब्यावर येतो आणि निळी ज्योत हिरवी होते. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून आम्ही व्हेपोरायझर यंत्रावरून काढून मागच्या अंगणात स्टुलावर ठेवला. तिन्हीसांज झाली होती. त्या माणसाने डायलभोवती नळी फिरवली, काही नाही. खालच्या काचेपाशी, काही नाही. औषध ओतायच्या तोंडाच्या स्क्रूपाशी नळी गेली आणि ज्योतीच्या कडेला आधी पोपटी झाक आली, मग सगळी ज्योतच गर्द हिरवी झाली. "हा तर आमच्याच गॅसचा चुलतभाऊ दिसतोय," तो म्हणाला. ते खरेच होते. हॅलोथेन पहिल्यांदा तयार केले ते १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी, फ्रिजचे वायू बनवणाऱ्या रासायनिक उद्योगातच. त्याने वॉशर बदलले, पैसे घेतले नाहीत, आणि जाताना डॉक्टरांना म्हणाला की डायलची दुरुस्ती मला जमणार नाही, ते काम मुंबईचे आहे.

मुंबईला पाठवलेला व्हेपोरायझर चार महिन्यांनी परत आला. तोपर्यंत डॉक्टरांनी दुसऱ्याकडून मागून आणलेल्यावर भागवले. माझ्या चिठ्ठीचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. विचारायला संकोच वाटत होता, कारण चाराचे उत्तर मला एव्हाना कळले होते. फुगा भरताना मी खोलीचे तापमान लिहिले होते, वायूचे नव्हे. सिलिंडरमधून प्रसरण पावत आलेला आणि वाफ होणाऱ्या द्रवावरून गेलेला वायू खोलीपेक्षा दोन-तीन अंशांनी सहज थंड असू शकतो, आणि तीन अंश म्हणजे माझ्या हिशेबात ०.२ टक्के. माझ्या आकड्याचा खरा अर्थ "साधारण सव्वा ते पावणेदोनच्या मधे" असा होता. तसे लिहिले असते तर डॉक्टरांना पुरले असते. मी तसे लिहिले नाही, कारण तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर "साधारण" हा शब्द लिहायला माझा हात धजला नाही.

गेल्या महिन्यात घर आवरताना ती वही सापडली. निवृत्त माणसाला वेळ भरपूर असतो, म्हणून मी हिशेब पुन्हा मांडला आणि पहिल्यांदाच ७६० या आकड्यापाशी थांबलो. आमचे गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब ७१३ मिलिमीटरच्या आसपास असतो, ७६० नव्हे. किल्लीवाल्या गृहस्थांची सुटी मला एवढ्या वर्षांनी महाग पडली होती. दाब दुरुस्त करून भागाकार केला तर उत्तर आले १.६४. चार जागच्या जागी राहिला आणि ज्याच्यावर कोणी बोट ठेवले नव्हते तो पाच मात्र बदलला. मी बराच वेळ त्याकडे पाहत बसलो. मग ध्यानात आले की मेंदूला टक्के कळत नाहीत, त्याला कळतो तो वाफेचा स्वतःचा दाब. ७१३ चे १.६४ टक्के म्हणजे पाऱ्याचे ११.७ मिलिमीटर, आणि ७६० चे १.५४ टक्के म्हणजेही ११.७. दाब चुकीचा धरल्यामुळे टक्केवारी चुकली होती आणि त्याच चुकीमुळे, समुद्रकाठच्या हिशेबाने बनवलेल्या डायलशी तुलना करायला, आकडा अगदी योग्य झाला होता.

डॉक्टर आता नाशिकला मुलाकडे असतात. मी रात्रीच फोन केला आणि सगळे सांगितले. ७६०, ७१३, दोन्हीकडून येणारे ११.७. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सर, चार खरा होता तर."

मी म्हणालो, "तसं नाही म्हणता येणार डॉक्टर, ते तापमान," आणि सिलिंडरमधून येणाऱ्या थंड वायूबद्दल सांगू लागलो, तेवढ्यात पलीकडे कुकरची शिटी झाली आणि त्यांच्या सूनबाईंनी त्यांना जेवायला हाक मारली.